मेल्यावरही राजाला फुरसत नाही

फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा 31 मार्च 1547 रोजी वारला. त्यानंतर काही आठवड्यांनी, सलग अकरा दिवस, त्याला जेवण वाढले जात होते.

त्याला म्हणजे त्याच्या पुतळ्याला. फ्रान्स्वा क्लुए या दरबारी चित्रकाराला मुद्दाम बोलावून मृत राजाच्या चेहऱ्याचा साचा घेतला होता आणि त्यावरून हुबेहूब प्रतिमा बनवली होती. पॅरिसजवळ सँ-क्लू इथल्या एका दालनात ती राजवस्त्रे नेसवून, मुकुट चढवून पलंगावर ठेवली होती. जेवणाची वेळ झाली की टेबल मांडायचे, मानकऱ्याने हात पुसायचा रुमाल पुढे करायचा, वाइन आणायची, धर्मगुरूने अन्नावर प्रार्थना म्हणायची. राजा जिवंत असताना त्याच्या ताटाभोवती जे जे चाले ते सगळे, त्याच क्रमाने. त्याचा मुलगा दुसरा हेन्री एव्हाना खरोखरचा राजा झाला होता, पण या दिवसांत तो लोकांसमोर आला नाही. पुतळा राज्य करत असताना वारसाने दिसायचे नसते.

आपल्याला मूर्तीपुढे ताट ठेवण्याचे नवल नाही. आपण देवाला नैवेद्य दाखवतो, दुपारी विश्रांती देतो, रात्री शेजारती करून निजवतो. पण देवाचा वारस बाहेर ताटकळत उभा नसतो आणि देवाचे प्रेत शेजारच्या खोलीत शवपेटीत पडलेले नसते. इथे दोन्ही होते. बाराव्या दिवशी तेच दालन काळ्या कापडांनी मढवले, प्रतिमा हलवली, शवपेटी आणून ठेवली आणि मग कुठे राजा मेला असे धरून सगळे रडायला मोकळे झाले.

या सोहळ्याचा शेवट व्हायचा पॅरिसच्या उत्तरेला, सँ-दनीच्या मठात. पॅरिसपासून तिथवर शव वाहून नेण्याचा मान मिठाचे ओझे वाहणाऱ्या हमालांचा होता. मान म्हटला तरी मजुरी ही मजुरीच. 1461 मध्ये सातव्या चार्ल्सला नेताना पैशांवरून वाद झाला आणि या मंडळींनी राजाची पेटी सरळ वाटेत खाली ठेवली. सोय लागल्यावर उचलली. मठात शवपेटी तळघरात उतरली की राजाच्या खाजगीतले अधिकारी आपापल्या हातातले दंड खड्ड्यात टाकायचे, कारण ज्याची चाकरी करायची तो आता नव्हता. झेंडा खाली झुके आणि आरोळी उठे, ‘राजा वारला!’ मग झेंडा वर जाई आणि दुसरी आरोळी, ‘राजा चिरायू होवो!’ दोन आरोळ्यांच्या मधे जेवढा श्वास घेता येईल तेवढाच वेळ फ्रान्स राजाविना असायचा. अकरा दिवस पुतळ्याला जेवू घालण्याची सगळी खटपट हा श्वास लांबू नये म्हणून होती, असे मला वाटते.

मी सँ-दनीला गेले तेव्हा भाचीने नाक मुरडले होते. ती पॅरिसमध्ये नोकरी करते. ‘‘मावशी, लोक व्हर्सायला जातात. तू त्या गर्दीच्या तेरा नंबरच्या मेट्रोने कुठे निघालीस?’’ तिचे काही चूक नव्हते. सँ-दनी हे पर्यटकांचे गाव नाही. कामगारांची, स्थलांतरितांची वस्ती. उत्तर आफ्रिका, पश्चिम आफ्रिका आणि आणखी कुठून कुठून आलेली माणसे. बॅसिलिकेजवळ, म्हणजे त्या मठाच्या चर्चजवळ, मोठा बाजार भरतो, तिथे कोथिंबिरीच्या जुड्या बघून मला घरी आल्यासारखे वाटले. शिवाय या गावाशी आपला एक ताजा धागाही आहे, जो भाचीला ठाऊक नव्हता. स्ताद द फ्रांस हे स्टेडियम याच गावात आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे तिथे ऑलिंपिकच्या 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत धावला आणि अकरावा आला. त्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. पॅरिस ऑलिंपिक म्हणून आपण टीव्हीवर जे धावणे पाहिले ते असे राजांच्या गावात चालले होते.

बॅसिलिका समोरून लंगडी दिसते. दक्षिणेचा मनोरा आहे, उत्तरेचा नाही. 1837 मध्ये त्याच्यावर वीज पडली. दुरुस्ती केली तिने भार आणखी वाढला, चिरा पडू लागल्या आणि 1840 च्या दशकात तो उतरवून ठेवावा लागला. आता तो पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले आहे. आत शिरायला पैसे पडत नाहीत, कारण ते चालते कॅथेड्रल आहे. राजांकडे जायला मात्र तिकीट काढावे लागते.

इथे मुळात पुरला तो राजा नव्हता. दनी हा पॅरिसचा पहिला बिशप. तिसऱ्या शतकात रोमनांनी त्याचे डोके उडवले, तेव्हा स्वतःचे डोके हातात घेऊन तो पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवरून इथवर चालत आला, अशी कथा. अशा संताशेजारी पुरले गेलो तर कयामतीच्या दिवशी त्याचा वशिला लागेल हा हिशेब सरळ होता. सहाव्या शतकातली आरेगोंद राणी इथेच सापडली. 1959 च्या उत्खननात तिच्या हाडांबरोबर नाव कोरलेली अंगठीही मिळाली. राजांमध्ये पहिला मोठा माणूस दागोबेर, 639 सालचा. त्याच्या थडग्यावर तेराव्या शतकात जे शिल्प कोरले त्यात राजाच्या आत्म्याला सैतान होडीतून पळवून नेताहेत आणि दनीसह तीन संत येऊन त्याला सोडवताहेत. वशिल्याची याहून स्पष्ट जाहिरात कुठल्या देवस्थानाने केली नसेल.

पुढे 754 मध्ये पोप स्वतः आल्प्स ओलांडून आला आणि त्याने याच ठिकाणी पेपँ राजाला आणि त्याच्या दोन मुलांना अभिषेक केला. त्यातला एक पुढे शार्लमेन झाला. पेपँच्या बापाने आणि मग त्याने आधीच्या घराण्याला बाजूला सारून सत्ता घेतली होती, म्हणून अभिषेकाच्या तेलाची गरज. बाराव्या शतकात सुजे नावाचा मठाधिपती आला, त्याने जुने देऊळ मोडून 11 जून 1144 ला नव्या गाभाऱ्याचे उद्घाटन केले, आणि ती जगातली पहिली गॉथिक इमारत ठरली. त्या रंगीत काचांवर आणि उजेडावर लिहिणाऱ्यांची कमतरता नाही, त्यांनी लिहावे. मला सुजेचा दुसरा गुण जास्त भावतो. आपल्या मठाचा झेंडा हाच राजाचा युद्धाचा झेंडा हे त्याने 1124 मध्ये सहाव्या लुईच्या गळी उतरवले. राजा लढाईला निघताना मठात येऊन तो तांबडा ओरिफ्लाम घेऊन जायचा. 1415 ला अझँकूरच्या चिखलात इंग्रजांनी फ्रेंचांचा जो धुव्वा उडवला, तिथवर हा प्रघात चालला.

आत पहुडलेल्या दगडी राजा-राण्यांच्या ओळी पाहिल्यावर वाटते, पिढ्यान् पिढ्या एकेक समाधी बांधत गेले असतील. तसे नाही. 1263-64 च्या सुमारास नवव्या लुईने, म्हणजे संत लुईने, एकदम सोळा पुतळ्यांची ऑर्डर दिली. सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्यांचेही. कोण कसे दिसत होते कोणाला माहीत? सगळ्यांना सारखेच सुंदर, सारखेच तरुण चेहरे. डोळे उघडे, पायाशी सिंह नाही तर कुत्रा. मांडणीही हिशेबाने: एका बाजूला जुन्या दोन घराण्यांचे राजे, दुसऱ्या बाजूला लुईचे स्वतःचे कापेत घराणे, ज्याने 987 मध्ये त्यांची जागा घेतली होती. बघणाऱ्याला वाटावे, ही सगळी एकाच कुटुंबातली माणसे ओळीने झोपलीत. कुळाची वही मागाहून लिहवून घ्यायची आणि ती दगडात कोरायची. वंशावळीला जोड द्यायची वेळ ज्यांच्यावर येते त्यांना भाट लागतात. लुईला पाथरवट पुरले.

त्याच लुईचे पुढे काय झाले ते ऐका. 1270 मध्ये धर्मयुद्धावर गेला असता ट्युनिसजवळ छावणीतल्या आजारात तो गेला. ऑगस्टचा महिना, आफ्रिकेचे ऊन, आणि फ्रान्स समुद्रापार. तेव्हा सरदारांसाठी रूढ होता तो उपाय केला. देह वाइनमध्ये उकळून मांस हाडांपासून सोडवले. मांस आणि आतडी सिसिलीतल्या मोन्रियालेला गेली, अस्थी फ्रान्सला निघाल्या. वाटेत त्याची सून इझाबेल घोड्यावरून पडून वारली. मुलगा तिसरा फिलिप 1271 च्या मे महिन्यात पॅरिसला पोचला आणि नोत्र-दामपासून सँ-दनीपर्यंत बापाच्या अस्थी त्याने स्वतःच्या खांद्यावर नेल्या. नऊ-दहा किलोमीटरचे अंतर. अस्थींचा कलश आपल्या ओळखीचा आहे, पण नाशिकला किंवा पैठणला नेऊन पाण्यात सोडून मोकळे होण्यासाठी. इथे त्या वाहून आणायच्या त्या कायमच्या ठेवायला, दाखवायला, त्यांच्यापुढे मेणबत्त्या लावायला.

1299 मध्ये आठव्या बोनिफेस पोपने प्रेतांची अशी काटछाट घृणास्पद ठरवून बंद केली. फ्रेंच राजांनी त्यातूनही परवानग्या काढल्या. पाचव्या चार्ल्सचा देह सँ-दनीला, हृदय रुआँला, आतडी मोबुइसोंच्या मठात आईजवळ. एका राजाची तीन थडगी म्हणजे तीन ठिकाणी त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना आणि तीन मठांना दक्षिणा. तेव्हाच्या भिक्षूंना यात बीभत्स काही वाटत नसावे. मोठे कुटुंब जमिनीची वाटणी करते तशी ही देहाची वाटणी.

फिरता फिरता मी एका लहान पुतळ्यापाशी थबकले. पहिला जाँ. बाप दहावा लुई आधीच वारला होता, राणी गरोदर होती, सगळा देश तिच्या पोटाकडे बघत होता. नोव्हेंबर 1316 मध्ये मुलगा झाला, म्हणजे राजाच जन्मला. पाच दिवस जगला. त्या पाच दिवसांची कारकीर्द म्हणून त्याला राजांच्या यादीत नंबर आहे आणि इथे संगमरवरी देह आहे, पाच दिवसांच्या बाळाचा नव्हे, झगा घातलेल्या चालत्याबोलत्या पोराचा. शिल्पकाराने त्याला चार-पाच वर्षे आयुष्य देऊन टाकले.

त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी शिल्पकारांची ही दयाबुद्धी आटली. बारावा लुई आणि त्याची राणी आन यांचे थडगे 1531 मध्ये पुरे झाले. फ्लॉरेन्सहून आलेल्या जुस्त घराण्यातल्या भावांनी ते केले. वरच्या मजल्यावर दोघे राजवस्त्रांत गुडघे टेकून प्रार्थना करताहेत. खालच्या मजल्यावर तीच दोघे उघडी, मेलेली. डोके मागे पडलेले, तोंडे उघडी, पोटे खपाटीला. आणि पोटावर टाके. आतडी काढून मसाले भरल्यावर शव शिवतात ते टाके संगमरवरात एकेक करून कोरलेत. मी बराच वेळ राणीच्या पोटावरची ती शिवण बघत उभी राहिले. सत्तेपुढे वाकायला लावणारी शिल्पे मी पुष्कळ पाहिली आहेत. ज्यांच्यासाठी थडगे बांधले त्यांच्याच पोटाचे टाके दाखवणारे दुसरे आठवत नाही. दुसऱ्या हेन्रीची राणी कातरीन द मेदिची हिचे धैर्य मात्र इथे संपले. तिच्यासाठी आधी एक अस्थिपंजर शव कोरायला घेतले होते ते अर्धवट राहिले, आता लूव्रमध्ये आहे. सँ-दनीत दुसऱ्या हेन्रीशेजारी ती आहे ती झोपलेल्या तरुण सुंदरीसारखी, जेर्में पिलोंच्या हातची. थडगे बांधून होताना ती हयात होती आणि पन्नाशी ओलांडलेली होती. स्वतःला मेलेले बघायला गेली असेल तर निदान देखणी बघावी, एवढे तिने ठरवले असावे.

सँ-दनीशी सगळ्यांत जास्त वेळा गाठ पडलेला राजा म्हणजे चौथा हेन्री. जन्माने नव्हे, पण वाढला प्रॉटेस्टंट म्हणून. राज्य त्याचेच होते, पण कॅथलिक पॅरिस त्याला दार उघडेना. 25 जुलै 1593 रोजी तो पांढऱ्या पोशाखात या दारात आला आणि धर्म बदलून आत गेला. पॅरिससाठी एक प्रार्थना ऐकायला हरकत नाही असे तो म्हणाला अशी आख्यायिका आहे. म्हणाला नसला तरी वागला तसेच. फ्रान्सचे राजे अभिषेकाला रँसला जात, राण्यांचा राज्याभिषेक सहसा सँ-दनीत होई. हेन्रीची राणी मारी द मेदिची लग्नानंतर दहा वर्षे त्या सोहळ्याची वाट बघत होती. शेवटी तो 13 मे 1610 ला थाटात झाला. दुसऱ्याच दिवशी दुपारी पॅरिसच्या एका अरुंद गल्लीत राजाची गाडी अडकली आणि राव्हायाक नावाच्या माणसाने त्याला भोसकले. 1 जुलैला तो इथे पुरला गेला. त्याच्याही पुतळ्याला जेवण वाढले होते. फ्रान्समध्ये ते शेवटचेच. त्याचा चौथा प्रवेश व्हायचा होता, धर्म बदलल्याला बरोबर दोनशे वर्षे झाल्यावर.

हेन्रीनंतरच्या बूर्बों राजांनी दगडी थडगी बांधलीच नाहीत. आपली घराणी कोरून ठेवायची गरज आता उरली नाही असे त्यांना वाटले असेल. तळघरात लोखंडी घोड्यांवर शिशाच्या पेट्यांची रांग. शेवटचा राजा पायऱ्यांजवळ थांबायचा. पुढचा आला की तो आत सरकायचा. 1715 मध्ये चौदाव्या लुईला रात्री, शहर टाळून आडवाटेने आणले, कारण लोक काय करतील याची खात्री नव्हती. वाटेत लोक पीत होते, गात होते. 1774 मध्ये पंधरावा लुई देवीच्या रोगाने गेला. त्याला घाईघाईने, मसाला न भरताच रात्री पोचवले. तो पायऱ्यांपाशी थांबला. त्याचा नातू सोळावा लुई आला की आत सरकायचे होते. नातू त्या वाटेने आलाच नाही.

1 ऑगस्ट 1793 रोजी कन्व्हेन्शनने, म्हणजे क्रांतिकारकांच्या संसदेने, ठराव केला: राजेशाही कोसळल्याला 10 ऑगस्टला वर्ष होते, त्या निमित्ताने सँ-दनीची थडगी नष्ट करावीत. ऑगस्टमध्ये दगडकाम उतरवले. खरे काम ऑक्टोबरमध्ये. तोफगोळ्यांना, बंदुकीच्या गोळ्यांना शिसे हवे होते आणि राजे शिशात गुंडाळलेले होते, हे कारण खरे होते. पण नुसते शिसेच हवे असते तर छपरावरचे पुरे होते, ते त्यांनी पुढे काढलेही. 12 ऑक्टोबरला मजूर बूर्बोंच्या तळघरात उतरले आणि पहिल्या पेट्यांत चौथा हेन्री निघाला. अख्खा, चेहरा ओळखू येणारा. त्याला उभा करून दोन दिवस देवळात ठेवला आणि लोक बघायला लोटले. एका शिपायाने त्याच्या दाढीची बट कापून घेतली म्हणतात, ती शत्रुत्वाने नव्हे, भक्तीने. असा राजा जवळ असला तर आपण हरणार नाही म्हणून. सेनापती त्युरेनही शाबूत निघाला. त्याला पहारेकऱ्याने लाकडी पेटीत ठेवून पैसे घेऊन दाखवला, मग तो प्राणिसंग्रहाच्या सरकारी बागेत जाऊन पडला, आणि अखेर 1800 मध्ये नेपोलियनने त्याला सन्मानाने पॅरिसच्या अँवालीद या सैनिकांच्या वास्तूत नेले. तेरावा लुई मिशांवरून ओळखला. चौदाव्या लुईचा चेहरा शाईसारखा काळा झाला होता.

16 ऑक्टोबरला सकाळी पंधराव्या लुईची पेटी काढली. मसाला न भरलेला तो देह. पेटी आत उघडायची कोणाची छाती झाली नाही, दफनभूमीत खड्ड्याच्या कडेला नेऊन उघडली. दुर्गंधी एवढी की हवा शुद्ध करायला बंदुकीची दारू जाळली, बार काढले. त्याच सकाळी, साधारण त्याच वेळी, पॅरिसमध्ये त्याची नातसून मारी आंत्वानेत गाडीतून गिलोटिनकडे चालली होती. कोणी योजून केलेले नाही, पण रंगभूमीच्या माणसालाही हे सुचले नसते.

मठाच्या उत्तरेला दोन मोठे खड्डे खणले होते. त्यांत सगळे टाकले: दागोबेर, पेपँ, पोटावर टाके घातलेली आन राणी, वंशावळ कोरवून घेणाऱ्या कुळातले सगळे. वर कळीचा चुना. 25 ऑक्टोबरपर्यंत काम आटोपले. गावाचे नावही बदलून ‘फ्रान्सियाद’ केले.

शाळेत क्रांतीचा धडा शिकताना हे प्रकरण आम्हाला नव्हते. बास्तीय, गिलोटिन, स्वातंत्र्य-समता-बंधुता एवढे होते. आता वाटते, क्रांती समजून घ्यायला बास्तीयपेक्षा हा खड्डा जास्त उपयोगी आहे. कारण मेलेल्या राजांवर इतका पक्का विश्वास क्रांतिकारकांइतका कुणाचा नव्हता. पुतळ्याला जेवू घालणारे दरबारीसुद्धा मनातून जाणून असतील की हे मेण आहे. पण सातशे-आठशे वर्षांपूर्वीची हाडे जमिनीखाली राहिली तर प्रजासत्ताकाला धोका आहे, असे वाटायला त्या हाडांत अजून जीव आहे असे मानावे लागते. त्यांनी राजाचे सोहळे मोडले म्हणतात. मला तर तो सँ-दनीतला आणखी एक सोहळाच वाटतो: नेमलेला दिवस, नेमलेले अधिकारी, नोंद ठेवणारा लेखनिक, बघ्यांची गर्दी, आणि खड्ड्यात उतरवणे.

दगडी राजे वाचले ते आलेक्सांद्र लनोआर नावाच्या एका चिकाटीच्या माणसामुळे. ही कला आहे, मोडू नका, असे म्हणत त्याने ते पॅरिसला नेले आणि 1795 मध्ये त्यांचे संग्रहालय उघडले. समाधी म्हणून जे फोडण्यासारखे होते ते शिल्प म्हणून जपण्यासारखे ठरले. फक्त पाटी बदलावी लागली. नेपोलियनने 1806 मध्ये देऊळ दुरुस्त करायला घेतले, स्वतःच्या घराण्याला पुरण्यासाठी. घराणेच टिकले नाही. मठाच्या इमारतीत त्याने लीजन ऑफ ऑनरच्या मानकऱ्यांच्या मुलींसाठी काढलेली शाळा मात्र अजून चालू आहे.

मग राजे परत आले आणि अर्थातच पहिले काम मेलेल्यांचे. पॅरिसमधल्या मादलेनच्या दफनभूमीत सोळावा लुई आणि मारी आंत्वानेत टाकले होते; शेजारच्या एका राजनिष्ठ वकिलाने ती जागा विकत घेऊन तिथे झाडे लावून ठेवली होती, म्हणून सापडली. 21 जानेवारी 1815 ला, लुईच्या मुंडक्याला बरोबर बावीस वर्षे झाली त्या दिवशी, त्यांना मिरवत सँ-दनीला आणले. 1817 मध्ये दोन्ही खड्डे उपसले. निघाला तो हाडांचा ढीग. कोणते कोणाचे हे सांगणे अशक्य. सगळे गोळा करून तळघरातल्या एका कोनाड्यात ठेवले आणि बाहेर काळ्या संगमरवरावर नावे कोरली. ज्या घराण्याने आधीच्या घराण्यांशी आपले नाते दगडात जुळवून दाखवले होते, त्याची हाडे आता खरोखर त्यांच्यात मिसळली आहेत. संत लुईला जे शिल्पांनी साधायचे होते ते चुन्याने साधले.

वरचे सुंदर पुतळे आज रिकाम्या पेट्यांवर झोपलेत. ही गोष्ट तिथले फलक सांगतात, पण बघताना विसरायला होते. माझ्या पुढे एक बाई पहिल्या फ्रान्स्वाच्या थडग्यापुढे क्रूस करून हात जोडून उभी होती. तिला कोण सांगणार.

तळघरात एक लहानसा स्फटिकाचा कलश आहे. त्यात सुकलेले, वाळून दगड झालेले एक हृदय. सोळाव्या लुईचा मुलगा, राजनिष्ठांच्या हिशेबी सतरावा लुई, 8 जून 1795 रोजी तुरुंगात क्षयाने गेला, दहा वर्षांचा. शवविच्छेदन करणाऱ्या पेल्ताँ या डॉक्टरने सगळ्यांची नजर चुकवून हृदय रुमालात गुंडाळले आणि खिशात टाकले. घरी अल्कोहोलच्या बरणीत पुस्तकांमागे ठेवले. अल्कोहोल उडून गेले, हृदय वाळले. एका विद्यार्थ्याने ते चोरले. तो मेल्यावर त्याच्या घरच्यांनी परत केले. 1830 च्या दंगलीत आर्चबिशपचा वाडा लुटला गेला तेव्हा बरणी फुटली, आणि डॉक्टरच्या मुलाने वाळू आणि काचांच्या ढिगातून ते शोधून काढले. मग ऑस्ट्रियातल्या एका किल्ल्यात. 1975 मध्ये सँ-दनीला. 2000 मध्ये डीएनए तपासणीत ते मारी आंत्वानेतच्या आईकडच्या रक्ताशी जुळले, तिच्या केसांच्या बटेशी ताडून. शेवटी 8 जून 2004 रोजी, मृत्यूला 209 वर्षे झाल्यावर, युरोपभरचे बूर्बों नातेवाईक जमवून, लांबलचक प्रार्थना म्हणून, ते इथे ठेवले. प्रजासत्ताकाने सोहळ्याला हरकत घेतली नाही. दोनशे वर्षांपूर्वी हाडांची धास्ती घेणारा देश आता एका हृदयाकडे शांतपणे बघू शकत होता. शहरातली माणसे त्या दिवशी आपापल्या कामाला गेली असतील. त्या दहा वर्षांच्या मुलाबद्दल मात्र मला राजा-प्रजासत्ताक काही सुचत नाही. अंधारकोठडीत एकट्या पडलेल्या पोराचे हृदय एका माणसाने खिशात घातले, आणि त्याला सँ-दनीला पोचायला सगळ्या राजांहून जास्त वेळ लागला.

इथे पुरला गेलेला शेवटचा राजा अठरावा लुई, 1824 मध्ये. त्याचा भाऊ दहावा चार्ल्स 1830 मध्ये गादीवरून उतरला, परदेशी गेला आणि कॉलऱ्याने वारला. तो आता स्लोव्हेनियात, नोव्हा गोरित्साजवळच्या कोस्तान्येवित्साच्या फ्रान्सिस्कन मठात आहे. त्याला सँ-दनीला आणावे अशी काही राजनिष्ठांची मागणी आहे. तिकडच्यांना तो सोडवत नाही, कारण फ्रान्सबाहेर पुरलेला फ्रान्सचा राजा बघायला लोक येतात. भाचीला मी हे जेवताना सांगितले. ती म्हणाली, ‘‘म्हणजे तुला आता स्लोव्हेनियालाही जायचंय?’’ तिकिटे बघायला मी तिलाच बसवले.